सातही इंजिनं मोकळी फिरतात, वहिनी

प्रिय वहिनी,

मोठ्या भावजयीला ‘प्रिय’ लिहू नये, ‘तीर्थरूप’ लिहावं, हे मला कळतं. पण तीर्थरूप वाचून तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता, आणि म्हणाला असता, मी काय देवळात जाऊन बसले व्हय? म्हणून प्रियच.

आज खंडेनवमी. चाकणला आमच्या कंपनीत सकाळीच मशीनची पूजा झाली. प्रेसला झेंडूचे हार घातले, पेढे वाटले आणि जेवणाच्या आत आम्हाला सोडून दिलं. मी तसाच चऱ्होलीला तुमच्या घरी आलो. दार दादानं उघडलं. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. तुमची लेक स्वाती हिंजवडीच्या ऑफिसला न जाता घरूनच काम करत होती. आणि हॉलमध्ये सतरंजीवर तुमची हिरवी पत्र्याची पेटी ठेवलेली! तुम्ही गेल्यापासून पाच महिने ती माळ्यावरच होती. सगळा पावसाळा गेला. दोनदा मी विषय काढला, दोन्ही वेळा दादा उठून गॅलरीत गेला.

आज त्यानं आपणहून ती खाली काढली. म्हणाला, पूजा करायची तर तिच्या वस्तूंची करू. मग पेटीतली छोट्या विमानांची सातही इंजिनं एकेक करून हातात घेतली, प्रत्येकाला प्रोपेलर लावून बोटानं फिरवून पाहिला. सातही फिरली. कुठं खर्र नाही की अडखळणं नाही. सातवं खाली ठेवून तो मला म्हणाला, “तिला कळवायला पाहिजे.”

त्यानं स्वातीकडून एक कागद मागून घेतला आणि माझ्यापुढं सरकवला.

“तू लिही. तुझं अक्षर बरं आहे.”

“काय लिहू?”

“लिही, इंजिनं मोकळी फिरतात म्हणून.”

तर वहिनी, इंजिनं मोकळी फिरतात. निरोप एवढाच होता. पण कागद पुढ्यात घेतल्यावर एवढ्यावर थांबता येईना. तुम्हाला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. काही तर वेळेवर न सांगितल्याची मला लाज वाटते.

पहिलं इंजिन घरात आलं तो दिवस आठवतो का? आपण भोसरीत दीड खोलीत राहत होतो. मी गावाकडून आयटीआय करायला आलेलो आणि तुमच्याच हातचं जेवणारा. दादा टूलरूममध्ये होता. त्याचे साहेब, थत्ते, रविवारी रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचे आणि विमान धरायला दादाला सोबत न्यायचे. निवृत्त होताना त्यांनी आपलं आवडतं इंजिन दादाला दिलं. मुठीएवढं, ॲल्युमिनियमचं, चकचकीत. दादानं ते देवापुढं ठेवलं. आम्ही दोघं भाऊ त्याच्याकडं बघत बसलो होतो.

तुम्ही कामावरून आलात, पाय धुतलेत आणि वास घेत म्हणालात, “हा एरंडेलाचा वास कुठनं यायलाय?”

दादानं मोठ्या ऐटीत समजावलं की या इंजिनाचं इंधन म्हणजे मिथेनॉल, आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल तेल मिसळलेलं असतं. लहानपणी पोट साफ करायला एरंडेल प्यायलेल्या तुम्ही. तुम्ही इंजिनाकडं इतक्या कणवेनं पाहिलंत की मला अजून हसू येतं. मग ते हातात घेतलंत, शाफ्ट कानाजवळ धरून फिरवलात आणि म्हणालात की याला आतून गंज लागलाय.

आम्ही हसलो. ॲल्युमिनियमला कुठं गंज लागतो? एक टूलरूमचा कारागीर, दुसरा आयटीआयचा विद्यार्थी, आणि तुम्ही दहावीनंतर शाळा सुटलेल्या. तुम्ही चिडला नाहीत. एवढंच विचारलंत, “आत लोखंड हाय का नाही?”

संध्याकाळी दादानं इंजिन उघडलं. मागच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर तपकिरी ठिपके! आमची दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील. तुम्ही मात्र भाकरी थापत होता, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

तेव्हा मला कळलं की तुमचं काम काय आहे. ‘पॅकिंगला आहे’ एवढंच आम्ही लोकांना सांगायचो, तेही आवाज जरा खाली आणून. बेअरिंगच्या त्या कंपनीत माल तेलात बुडवून, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचा, आणि त्याआधी प्रत्येक बेअरिंग बोटांत फिरवून पाहायचं. दिवसाला किती बेअरिंगं तुमच्या बोटांतून जात असतील! त्या बोटांना खरखर कळणार नाही तर कुणाला? एकदा तुम्ही सांगितलं होतं की उघड्या हातानं धरलेल्या बेअरिंगवर दोन दिवसांनी बोटाचा ठसा उमटतो, गंजाचा. ठसा बघून तुम्ही ओळखायचा की हातमोजे न घालता माल कुणी धरला होता. काहींचा घाम जास्त खारट असतो म्हणे. माझा तसला होता. म्हणून मला इंजिनाला फडक्याशिवाय हात लावायची बंदी होती, पार शेवटपर्यंत.

मग तुमचा तो मोरीतला उद्योग! पावसाळा तोंडावर आला होता. तुम्ही गॅरेजवाल्याकडून चार जुनी बेअरिंगं आणलीत, घासून लख्ख केलीत आणि दोऱ्यानं मोरीच्या खिडकीत टांगलीत. एक कोरडं. एकाला शिलाई मशीनचं तेल, एकाला खोबरेल, एकाला गाडीच्या गिअरबॉक्सचं लाल तेल. रोज अंघोळीची वाफ, बाहेरून पावसाचे तुषार. शेजारच्या काकूंनी एक दिवस हळूच विचारलं की हा कसला तोडगा आहे, कुणाची नजर लागली का. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं हो म्हणालात.

कोरडं बेअरिंग आठवड्यात गेलं. खोबरेल चिकट होऊन बसलं. शिलाई मशीनचं तेल बरं टिकलं, पण नारळी पौर्णिमेपर्यंत त्यालाही ठिपके आले. लाल तेलाचं बेअरिंग गणपती येईपर्यंत तसंच होतं, नवं असल्यासारखं. तुम्ही ते दादाच्या हातावर ठेवलंत आणि म्हणालात, हे घालायचं.

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, हे थत्ते साहेबांनी सांगितलं होतं. दादा ते ऐकून विसरला, मीही विसरलो. तुम्हाला एकदाच ऐकून कळलं. म्हणालात, म्हणजे मिठासारखं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं तसं. इंजिनात उरलेलं इंधन रात्रंदिवस आत पाणी गोळा करत बसणार, तर आधी ते उरूच द्यायचं नाही.

तिथून तुमचा नियम सुरू झाला, आणि पुढं एकेक करत इंजिनंही सात झाली. चऱ्होलीकडं विमानतळ जवळ, म्हणून आपण चाकणच्या पुढं नानांच्या माळावर जायचो. नाना तिथले जुने शेतकरी. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “उडवा की. पर माज्या कांद्यात पाडू नगा.” आपली सात-आठ माणसं, चार-पाच विमानं, आणि एका टोकाला सतरंजीवर तुम्ही तुमचा डबा घेऊन. शेवटचं उड्डाण झालं की इंजिन नुसतं बंद करायचं नाही. इंधनाची नळी चिमटीत दाबून धरायची आणि आतलं सगळं जळून ते आपोआप थांबू द्यायचं. गरम आहे तोवर वरचा प्लग काढायचा, त्या भोकात आणि कार्बोरेटरच्या तोंडात लाल तेलाचे थेंब सोडायचे, प्रोपेलर हातानं फिरवून तेल सगळीकडं पोचवायचं. मग पुसून सुती फडक्यात. आणि हे होईपर्यंत कुणाला चहा नाही. थर्मास तुमच्या मांडीखाली.

सांगवीचे ते दोघं मित्र तुमची चेष्टा करायचे ना? वहिनी, इंजिन दमलं, जरा मालिश करा. पुढच्या दिवाळीत त्यांची दोन्ही इंजिनं जाम झाली आणि पिशवीत घालून तुमच्याकडंच आली. तुम्ही चेष्टा परत केली नाहीत. फक्त ती सुटी होईपर्यंत दोघांना समोर बसवून ठेवलंत आणि पुसायला लावलंत.

एक तक्रार मात्र आहे. तुम्ही स्वतः कधीच का उडवलं नाहीत? दादानं कितीदा रिमोट पुढं केला. एकदा तर मी तुमच्या गळ्यातच अडकवला, तर तुम्ही तो काढून परत दिलात. “वर गेलं की मला भ्या वाटतंय. खाली आलं की द्या माझ्याकडं.” एकदा तरी उडवायला हवं होतं, वहिनी. मी मागं उभा राहून धरलं असतं की!

आता मी जे लिहिणार आहे ते दादाला अजून नीट माहीत नाही.

दादाची कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि तो बावन्नाव्या वर्षी घरी बसला. ते वर्ष आठवलं की मला अजून धडकी भरते. टीव्हीसमोरच्या खुर्चीत सकाळी बसायचा तो जेवायलाच उठायचा. माळावर येणं बंद. विचारलं तेवढंच बोलायचा. तुम्ही कामावर जायचा, यायचा, महिन्यातून दोनदा पेटी काढून प्रोपेलर फिरवायचा. एकदा त्यानं विचारलं की आता हे कुणासाठी करतेस. तुम्ही म्हणालात, माझी सवय हाय.

त्या ज्येष्ठात तुम्ही तुमच्या आईच्या आजारपणासाठी गावी गेलात, ते गणपती झाल्यावरच परतलात. मी दादाकडं थत्ते साहेबांचं इंजिन मागितलं. तो टीव्हीवरची नजर न काढता “ने” म्हणाला. रविवारी उडवलं, तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. मला दुसरी शिफ्ट होती. इंजिन तसंच प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली, घरी कपाटात टाकलं. उद्या तेल घालू म्हटलं. तो उद्या गणपतीनंतर आला. शाफ्ट हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलेना. पिशवीच्या तळाशी तांबडं पाणी साचलं होतं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. पिशवी पुन्हा बांधून ठेवली. थोरल्या भावाच्या गुरूची आठवण मी सडवली होती, आणि तीही त्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत.

परत आल्यावर पेटी उघडून तुम्हीच विचारलंत, पेटीत सहाच कशी, थत्ते साहेबांचं कुठं हाय. मी दुसऱ्या दिवशी खाली मान घालून ते आणून दिलं. वाटलं होतं, आता बोलणी खावी लागणार. तुम्ही ते फडक्यात धरलंत, उलटसुलट पाहिलंत आणि एकच विचारलंत, “प्लॅस्टिकात ठेवलं होतं का?” मी मान हलवली. “आत घाम धरतोय ते,” एवढं बोलून ते लोणच्याच्या जुन्या बरणीत डिझेलमध्ये बुडवून ठेवलंत. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं, वहिनी. त्या रात्री मी जेवलो नाही.

आठ दिवसांनी रविवारी तुम्ही मला बोलावलंत. आणि वर्तमानपत्र कुठं पसरलंत? बरोबर दादाच्या खुर्चीसमोर, टीव्हीच्या आणि त्याच्या मध्ये. मला वाटलं, जागा नाही म्हणून. आपण दोघांनी स्क्रू काढले, मागचं झाकण काढलं. शाफ्ट कसाबसा निघाला. बेअरिंग मात्र जागचं हलेना. दादा आपल्या डोक्यावरून टीव्ही बघत होता. तुम्ही पिशवीतून हातोडी काढून माझ्या हातात दिलीत. मी बेअरिंगवर सळई ठेवली आणि हातोडी उचलली.

“हातोडी खाली ठेव.”

दादा बोलला होता. विचारल्याशिवाय, आपणहून, किती महिन्यांनी! माझा हात वरच राहिला. तुम्ही मान वर केली नाहीत.

“ठोकून फोडशील ते. बाहेरचं कवच गरम करायला पाहिजे, ते फुगलं की बेअरिंग आपोआप सुटतं. तवा तापवा.”

तेव्हा तुम्ही म्हणालात, “तवा देते मी. पण धरणार कोण? माझा हात भाजतोय.”

दादा उठला. पक्कड घेतली, स्वयंपाकघरात जाऊन इंजिनाचं कवच तव्यावर ठेवलं, पाण्याचा थेंब टाकून अंदाज घेतला, आणि मग लाकडी पाटावर एकदाच आपटलं. बेअरिंग टपकन् पाटावर पडलं. दादानं ते बोटात फिरवून पाहिलं आणि मला म्हणाला, “केवढा गंज हा. कुणी ठेवलं होतं असं?”

मी तोंड उघडणार, एवढ्यात तुम्ही म्हणालात, “पावसाळा लई वाईट गेला यंदा.”

त्यानंतर दादा संध्याकाळपर्यंत त्या वर्तमानपत्रावरून हलला नाही. शाफ्ट त्यानं बारीक पॉलिश पेपरनं साफ केला. दुसऱ्या दिवशी नवी बेअरिंगं आणायला स्वतः गावात गेला. तीन रविवारांनी ते इंजिन माळावर सुरू झालं. नाना बांधावरून चालत आले आणि त्याला म्हणाले, “व्हता कुठं इतके दिस?” पुढं तो भोसरीतल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये फिटिंग शिकवायला लागला, अजून जातो. पण सुरुवात त्या पाटावर झाली होती.

वहिनी, आज विचारतो. तुमचा हात खरंच भाजत होता? तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटायचा तुम्ही, मी वर्षानुवर्षं पाहिलंय. आणि बेअरिंग हातोडीनं ठोकत नाहीत हे तुम्हाला माहीत नव्हतं? मग माझ्या हातात हातोडी का दिलीत? इतक्या वर्षांत हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. तुम्ही काही सांगितलंही नसतंत म्हणा.

आणि ती शाल. ती माझ्या कपाटात आहे, अजून घडी मोडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात माळावर चार गावांचे विमानवाले जमले होते. थत्ते साहेबांचं इंजिन इतक्या वर्षांचं असून पहिल्या फिरकीत सुरू झालं, तर सगळे भोवती गोळा झाले. कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. इंजिन गंजापासून कसं जपायचं, दोन शब्द सांगा. मी दोन नाही, अर्धा तास बोललो. मी इंधन उरू देत नाही. मी गरम असतानाच तेल घालतो. मी वेगवेगळी तेलं टांगून पाहिली. मी, मी, मी. मोरीतली चार बेअरिंगंसुद्धा मी माझ्या नावावर सांगितली. मागं सतरंजीवर तुम्ही बसला होता, मांडीवर डबा. टाळ्या झाल्या, शाल पडली, नारळ मिळाला. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

परतताना मी गाडीत मागं बसलो होतो. दादा आरशातून माझ्याकडं बघत होता. मोशी आली तेव्हा तुम्ही म्हणालात, “भावजी, छान बोललाव. एक राहिलं बगा. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ इंजिन ठेवू नका, हे सांगायचं राहिलं. त्या वाफेनं लवकर गंज धरतोय. लोकांना कळवा.”

तुम्हाला खरंच तेवढंच राहिलेलं दिसलं? की मला सोडून दिलंत? माझा अंदाज सांगू? तुम्हाला खरंच त्या लोकांच्या इंजिनांची काळजी होती. शाल कुणाच्या खांद्यावर पडली याचा विचार तुमच्या मनात आलाच नसेल. ते कळल्यावर तर मला जास्तच लहान वाटलं. दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागायची ठरवलं होतं. आलो, चहा प्यायलो, गेलो.

मग कावीळ म्हणून दाखवायला नेलं आणि दुसरंच निघालं. हॉस्पिटलात तुम्हाला भेटायला यायचो तर तुम्ही काय सांगायचा? सलाईनच्या स्टँडचं चाक कुरकुरतंय, पलीकडच्या आजीची झोप मोडते. दादाकडून तेल मागवून घेतलंत, आणि पडल्या पडल्या नर्सला दाखवलंत, थेंब कुठं सोडायचा. ती नर्स तुम्ही गेल्यावर दादाचा हात धरून रडली. मी त्या तीन आठवड्यांत रोज ठरवायचो की आज शालीचं बोलायचं. तुम्ही रोज विचारायचा की दादा जेवला का.

आता आजचं सांगतो.

पेटी उघडली तेव्हा दादाचा हात थांबला. वर तुमची नेहमीची सुती फडकी नव्हती. तपकिरी कागद होता, कंपनीत असतो तो, गंज न धरू देणारा. प्रत्येक इंजिन त्या कागदाच्या दोन घड्यांत, कोपरे आत दुमडलेले, वरून दोरा. दादानं पहिला दोरा सोडला. आत इंजिनावर मधासारखं दाट तेल. लाल नाही, पातळ नाही. बोटाला लागलं की सुटत नव्हतं.

“हे पावसाळ्याचं नाही,” दादा म्हणाला. “हे जहाजाचं आहे.”

मला कळेना. त्यानं सांगितलं की तुमच्या कंपनीत पॅकिंग दोन प्रकारचं व्हायचं. ट्रकनं जाणारा माल पातळ तेलात, कारण तो आठवड्यात उघडतात. जहाजानं परदेशी जाणारा माल दाट तेलात आणि दुहेरी कागदात, कारण तो महिनोन् महिने समुद्रावर राहणार, मग कुठल्या तरी गोदामात पडून राहणार, आणि तोवर त्याला कुणी हात लावणार नाही.

तेव्हा स्वाती बोलली. ॲडमिट व्हायच्या आधी तुम्ही तिच्याकडून ते तेल आणि कागद मागवून घेतला होता. दोन दिवस हातमोजे घालून, उशीला टेकून, थांबत थांबत सातही इंजिनं बांधलीत. तिनं मदत करू म्हटलं तर करू दिली नाहीत. ती म्हणाली, आई, आठ दिवसांत तर घरी येशील, एवढं कशाला? त्यावर तुम्ही तिला सांगितलंत, “तुझ्या बाबांना लगेच उघडावं वाटणार नाही. लागू दे त्यांना वेळ.”

हे स्वातीनं पाच महिने पोटात ठेवलं होतं. आज सांगितलं.

दादा ऐकत होता. हातातलं इंजिन त्यानं कपाळाला लावलं, तेल कपाळाला लागलं, तसंच राहू दिलं. मी गॅलरीत गेलो. समोर नव्या इमारतीचं काम बंद होतं, क्रेनला कुणीतरी झेंडूचा हार बांधला होता. मी परत आलो तेव्हा दादा रॉकेल आणि ब्रश घेऊन बसला होता. दाट तेल धुतल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, हे मलाही कळतं. तरी मी म्हटलं, “एखादं तसंच ठेवू या का? तिच्या हातचं.”

तो म्हणाला, “नको. तिनं ठेवायला नाही बांधली. उडवायला बांधली.”

तिघांनी मिळून चार धुतली. उरलेली उद्या, दसऱ्याला. मी हातमोजे घातले होते, वहिनी.

आता या रविवारी आम्ही माळावर जातोय. स्वातीही येणार आहे. तिला उडवायला शिकायचंय, आणि दादानं हो म्हटलंय. शब्द देतो तो एवढाच: सगळे जमले की आधी मी उभा राहीन आणि तो अर्धा तास पुन्हा बोलेन, या वेळी तुमच्या नावानं. मंगल वहिनींनी चार बेअरिंगं मोरीत टांगली, मंगल वहिनींनी शोधलं, मंगल वहिनींनी शिकवलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही सांगेन. कुणी विचारलं की गेल्या वेळी हे का नाही सांगितलंत, तर खरं तेच सांगेन.

शाल सोबत आणतो. ती स्वातीच्या खांद्यावर घालेन. तिथं उन्हात तिला उकडेल, पण घालू देईल ती.

तुमचा भावजी,
विलास